मून कॅक्टस टाकू नका, त्याचा खुंट बदला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खिडकीत ठेवायच्या रंगीत रोपांवर लेख आला होता. त्यात लाल-पिवळ्या गोळ्याच्या मून कॅक्टसबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. पाणी अगदी कमी द्या, आणि वर्ष-दोन वर्षांत रोप संपलं की नवीन आणा. पहिली गोष्ट अर्धीच खरी आहे. दुसरी मला अजिबात मान्य नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या, पण पुरतं छापा, कारण अर्धवट माहितीनंच या रोपाचा घात झालाय.

मी तासगाव तालुक्यातला. उभी हयात द्राक्षाची कलमं भरण्यात गेली. ऑगस्ट-सप्टेंबर आला की आमची टोळी बाहेर पडायची. आधी आमचा सांगली जिल्हा, मग सोलापूरकडं, कधी नाशिकपर्यंत. पूर्वी आपल्याकडं द्राक्ष स्वतःच्याच मुळावर लावायचे. पाणी कमी आणि क्षार जास्त अशा रानात त्या बागा दम धरेनात, म्हणून डॉगरिजसारखे रानटी द्राक्षाचे खुंट आले. खुंट म्हणजे ज्यावर कलम भरायचं ते खालचं, मुळाचं झाड. खाली डॉगरिज, वर थॉमसन नाहीतर सोनाका ही खायच्या द्राक्षाची जात. खालचा जमिनीशी झुंजतो, वरचा घड देतो. आता हे काम पोराकडं आहे, पण चाकू अजून हातातून सुटलेला नाही.

पुण्याला पुतणीकडं गेलो होतो तेव्हा तिच्या गॅलरीत हे रोप पहिल्यांदा नीट हातात घेतलं. इवलीशी प्लॅस्टिकची कुंडी, त्यात बोटभर उंचीचा हिरवा तीन धारांचा दांडा, त्याच्या डोक्यावर लालभडक गोळा. ती म्हणाली, "काका, हे जादूचं निवडुंग आहे." मी गोळा आणि दांडा जिथं मिळतात तिथं बोट फिरवलं. सांधा सरळ लागला. म्हटलं, "बाळ, हे तर कलम आहे." विकणाऱ्यानं तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. नंतर मी आणखी दोन-चार रोपवाटिकांत विचारलं. हे दोन वेगळ्या झाडांचं जोडकाम आहे, हे कुणीच आपणहून सांगत नाही.

तर वाचकांनी आधी एवढं ध्यानात घ्यावं. मून कॅक्टस म्हणजे एका कुंडीतली दोन झाडं. वरचा गोळा जिम्नोकॅलिशियम या निवडुंगाचा, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वेकडचा. खालचा तीन धारांचा दांडा आपल्या ओळखीचा आहे. ते ड्रॅगन फ्रूट. आमच्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात सिमेंटच्या खांबांवर चढवलेलं दिसतं तेच. २०२१ साली कडेगाव तालुक्यातल्या तडसरच्या शेतकऱ्यांचं ड्रॅगन फ्रूट दुबईला गेलं, तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला होता. त्याच वेलीचा तुकडा आपल्या खिडकीत खुंट म्हणून उभा असतो आणि आपण त्याच्याकडं बघतही नाही, कारण नजर वरच्या लाल गोळ्यावर असते.

हा गोळा रंगीत का? त्याच्यात हिरवं द्रव्य जवळपास नाहीच म्हणून. साध्या जिम्नोकॅलिशियममध्येही तांबडा रंग असतो, पण तो हिरव्याखाली झाकलेला असतो. हिरवं गेलं की आतला लाल, केशरी, पिवळा उघडा पडतो. बिटाला, लाल माठाला आणि लाल गराच्या ड्रॅगन फ्रूटला ज्या जातीच्या द्रव्यानं रंग येतो, त्याच जातीचं हे द्रव्य. पण हिरवं नाही म्हणजे उन्हातून अन्न करणं नाही. मक्याच्या रानात एखादं रोप पांढरंफेक उगवतं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. बियात शिदोरी असेतोवर दोन-तीन पानं काढतं आणि मरतं. या गोळ्याचं बी उगवलं तर त्याचीही तीच गत व्हायची.

जपानमध्ये १९४१ साली एइजी वातानाबे नावाच्या रोपवाटिकेवाल्याला दहा हजार रोपांत अशी दोन लाल रोपं दिसली. मोहरीएवढी असतील नसतील. त्यानं ती मरायच्या आत हिरव्या निवडुंगावर चढवली आणि ती जगली. जपान्यांनी त्या वाणाला 'हिबोतान' म्हटलं. आज जगभर जे लाल गोळे विकले जातात त्यांची सुरुवात तिथली. पुढं दक्षिण कोरियानं हा धंदा मोठा केला आणि तिथून अशी लाखो कलमं परदेशी जातात. कलमाच्या धंद्यातला माणूस म्हणून मला त्या वातानाबेच्या नजरेचं फार कौतुक वाटतं. दहा हजारांत दोन वेगळी दिसणं एक, आणि नखाएवढ्या रोपाचं कलम भरणं दुसरं. द्राक्षाची पेन्सिलीएवढी काडी असते, तरी नवशिक्याचा हात कापतो.

आता द्राक्षाच्या आणि याच्या कलमात मोठा फरक आहे, आणि सगळी निगा त्या फरकावर उभी आहे. द्राक्षात वरची काडी फुटली, तिला पानं आली की तीच अन्न तयार करते आणि खालच्या मुळांनाही पोसते. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी चालतं. मून कॅक्टसमध्ये वरचा गोळा जन्मभर नुसता घेतो. सगळं अन्न खालचा हिरवा दांडा करतो. म्हणून ऊन हवं ते दांड्याला. पण तेच कडक ऊन गोळ्याला सोसत नाही, कारण हिरवं द्रव्य नसलेली कातडी लवकर भाजते. मार्च ते मे दुपारच्या उन्हात ठेवलं तर गोळ्यावर पांढुरके, खरबरीत डाग पडतात आणि ते कधी जात नाहीत. म्हणून पूर्वेची खिडकी सगळ्यांत चांगली. सकाळचं कोवळं ऊन, नंतर दिवसभर भरपूर उजेड. पश्चिमेची गॅलरी असेल तर उन्हाळ्यात पातळ पडदा किंवा शेडनेट लावावी. टीव्हीशेजारी नाहीतर ऑफिसच्या टेबलावर ठेवायचं म्हणाल तर तिथं ते शोभून दिसतं खरं, पण दांडा उपाशी राहतो. तो बारीक, फिकट व्हायला लागला की समजावं, उजेड कमी पडतोय.

पाण्याचंही तसंच. 'निवडुंग आहे, पाणी देऊ नका' हा सल्ला गोळ्याकडं बघून दिलेला असतो. पाणी पितो तो खुंट, आणि ड्रॅगन फ्रूट हे काही वाळवंटातलं झाड नव्हे. ते उष्ण मुलखातलं, दुसऱ्या झाडांवर चढणारं वेलवर्गीय निवडुंग आहे. वाळवंटी निवडुंगापेक्षा त्याला पाणी जास्त लागतं. उन्हाळ्यात कुंडीतली माती आतपर्यंत सुकली की भरपूर पाणी द्यायचं, खालच्या भोकातून निथळू द्यायचं आणि पुन्हा सुकेपर्यंत थांबायचं. छोट्या कुंडीला आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे आठ-दहा दिवसांनी करावं लागतं. हिवाळ्यात दोन-तीन आठवडे गेले तरी चालतं. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा बोट खुपसून बघितल्याशिवाय थेंबही देऊ नये आणि कुंडी पागोळ्यांखाली तर कधीच ठेवू नये. पाणी मातीला द्यायचं. गोळ्यावर किंवा सांध्यावर ओतलं तर तिथं साचतं आणि सड तिथूनच सुरू होते.

थंडीचंही सांगतो. ड्रॅगन फ्रूटला दहा अंशांखालचा गारठा मानवत नाही. निफाडकडं पारा पाचाच्या आसपास येतो आणि बागायतदार द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवतात, त्या दिवसांत तिकडच्या वाचकांनी हे रोप गॅलरीतून आत घ्यावं आणि पाणी तोडावं.

मातीचं फार अवघड नाही. विकत आणलेलं रोप बहुतेक नुसत्या कोकोपीटमध्ये असतं. ते एकतर ओलं राहतं, नाहीतर वाळून दगड होतं आणि पाणी कडेनं निघून जातं. कधी वर रंगीत खडे डिंकानं चिकटवलेले असतात, ते आधी काढून टाकावेत. आमची काळी माती याला उपयोगाची नाही, पाणी धरून ठेवते. मी चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि थोडं जुनं कुजलेलं शेणखत एकत्र करतो. पाणी ओतलं की लगेच खाली यायला हवं, एवढी एकच परीक्षा.

दोन गोष्टी द्राक्षवाल्यांना सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांना सांगतो. दांड्याच्या धारेवर जिथं काट्यांचे झुपके असतात तिथून कधीकधी हिरवा कोंब फुटतो. नवं रोप येतंय म्हणून लोक आनंदानं ठेवतात. तो खुंटाचा फुटवा आहे. डॉगरिजचे फुटवे आपण जसे बेंबीपासून काढतो तसा तोही काढावा, नाहीतर सगळा रस त्याच्याकडं वळतो आणि गोळा सुकत जातो. दुसरी गोष्ट पिठ्या ढेकणाची. गोळ्याच्या खाचांत पांढरा कापूस दिसला की तो मिलीबग समजावा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसावा, आठवड्यानं परत बघावं. सांध्याच्या कडेला तो हमखास दडून बसतो.

एवढं सगळं केलं तरी खुंट कधीतरी थकतोच. वरचा आणि खालचा एका चालीनं वाढत नाहीत. दांडा बुडाकडून तपकिरी आणि लाकडासारखा होत येतो, धारा आत ओढल्या जातात. व्यापारी ड्रॅगन फ्रूटचा खुंट घेतात तो स्वस्त पडतो म्हणून. वेल झपाट्यानं वाढतो, एका फांदीचे कितीतरी तुकडे होतात आणि कलम पटकन लागतं. तो फार वर्षं टिकावा असा कुणाचा विचार नसतो. सेरियस नावाचा खांबासारखा उभा निवडुंग बागांतून लावतात, त्याचा खुंट जास्त टिकाऊ. पण खुंट थकला म्हणजे गोळा मेला असं नाही, आणि त्या लेखातलं 'नवीन आणा' मला खटकलं ते इथंच. दांडा वाळला तरी गोळा बऱ्याचदा टणक असतो. त्याला नवा खुंट दिला की तोच गोळा पुढं चालू राहतो.

पुतणीच्या रोपाचं पुढं तेच झालं. दांडा बुडातून गेला आणि ती टाकून द्यायला निघाली होती. मी गोळा वर्तमानपत्रात गुंडाळून गावी आणला. आटपाडीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं छाटणीतली ड्रॅगन फ्रूटची फांदी दिली होती. तिचे वीतभर तुकडे करून, काप सावलीत आठवडाभर सुकवून मी मुरमात लावून ठेवले होते. त्यांना मुळ्या फुटल्या होत्या. त्यातला एक जाड, हिरवागार घेतला.

कलम कसं भरलं ते सविस्तर लिहितो, कारण घरी कुणालाही जमेल असं आहे. दाढीचं नवं ब्लेड स्पिरिटनं पुसून घेतलं. द्राक्षात आपण पाचर मारतो, इथं काप सपाट, आडवा घ्यायचा. खुंट मातीपासून चार बोटांवर एका दमात कापला. करवतीसारखं पुढं-मागं केलं की काप खडबडीत होतो आणि मध्ये हवा राहते. मग तिन्ही धारांचे कोपरे तिरपे छाटले. हे बरेच जण करत नाहीत. निवडुंगाची साल ताठ असते आणि आतला गर सुकताना खाली बसतो. कोपरे तसेच ठेवले तर कडा वर राहतात, मधला भाग खोलगट होतो आणि गोळा उचलला जातो. कापावर मधोमध एक फिकट कडी दिसते. रस वाहणाऱ्या नळ्यांची ती कडी. द्राक्षात जुळवायचा भाग सालीला लागून असतो, यात तो मध्यावर असतो. गोळ्याच्या बुडालाही पातळ काप घेतला. जुन्या खुंटाचा तपकिरी अंश राहिला होता, म्हणून स्वच्छ लाल-गुलाबी गर लागेपर्यंत आणखी एक चकती काढली. गोळ्याची कडी खुंटाच्या कडीपेक्षा लहान होती. अशा वेळी बरोबर मध्ये ठेवलं तर लहान कडी मोठीच्या आत पडते आणि कुठंच शिवत नाही. म्हणून गोळा किंचित एका बाजूला सरकवला, दोन्ही कड्या एकमेकींना छेदतील असा. हलकेच दाबून फिरवला, हवा निघाली. वरून कुंडीच्या बुडाखालून दोन रबरबँड फुलीसारखे घातले आणि कुंडी सावलीत ठेवली. आठ-दहा दिवसांनी रबर काढले. गोळा धरून बसला होता. काही आठवड्यांनी त्याच्या खाचांतला रंग उजळला आणि सुरकुत्या भरून आल्या. पुतणीला फोटो पाठवला तर तिचा विश्वास बसेना की तोच गोळा आहे.

हे काम कोरड्या, उबदार दिवसांत करावं. फेब्रुवारी-मार्च उत्तम. पावसाळ्यात करू नये, काप सुकायच्या आत बुरशी धरते. गोळा फार सुकला असेल तर त्याच्या अंगाला फुटलेली छोटी पिल्लं काढून तीच चढवावीत. लाल गोळ्याला पिल्लं भरपूर येतात, म्हणजे एका रोपाची चार होतात. मात्र पिल्लू तोडून थेट मातीत लावू नका. मुळ्या फुटल्यासारखं एखादे वेळी वाटेल, पण अन्न करायला हिरवं नाही, तेव्हा जगायचं नाही. ज्या गोळ्यांवर लाल-हिरवे चट्टे असतात त्यांच्यात थोडं हिरवं असतं. ते जरा काटक, तरी त्यांनाही खुंटावरच ठेवावं.

आता माझं मागणं. द्राक्षाचं रोप विकताना खाली कुठला खुंट आणि वर कुठली जात, हे शेतकरी विचारून घेतो. न सांगणाऱ्याकडून तो रोप घेत नाही. मग शहरातल्या माणसाला मून कॅक्टसचं रोप खुंटाचं नावही न सांगता का विकावं? कुंडीला एक चिठ्ठी लावायला किती खर्च येतो? 'हे कलम आहे. खाली ड्रॅगन फ्रूट आहे. त्याला उजेड आणि पाणी द्या. तो थकला तर खुंट बदला.' चार ओळी. त्याऐवजी काही ठिकाणी गोळ्याच्या डोक्यावर वाळलेलं फूल डिंकानं चिकटवून जास्त पैशाला विकतात. ते फूल त्या निवडुंगाचं नसतं, आणि डिंकानं वाढीचा शेंडा गुदमरतो. याचा मला मनापासून राग येतो. वाचकांनी घेताना फुलाचं बूड निरखून बघावं. खरं फूल काट्यांच्या झुपक्यापासून, त्याच्या कळीसकट निघालेलं असतं. चिकटवलेल्याच्या खाली डिंकाचा चकचकीत थेंब दिसतो. घेताना गोळ्याआधी दांडा बघावा. हिरवा, जाड, बुडाला टणक असेल तरच घ्यावं.

आपल्याकडंही विनंती आहे. पुरवणीत हा विषय पुन्हा आला तर फोटो नुसता लाल गोळ्याचा न छापता दांड्यासकट, सांधा दिसेल असा छापा. आणि ज्यांच्या घरी गोळा शाबूत पण दांडा वाळलेला आहे त्यांनी तो जपून ठेवावा. कोरड्या जागी कागदात ठेवला तर काही दिवस टिकतो. ड्रॅगन फ्रूटचा हंगाम संपला की आमच्या भागात वेलींची छाटणी होते आणि बांधावर फांद्यांचे ढीग पडतात. रस्त्याच्या कडेच्या कुठल्याही बागेत मालकाला विचारलं तर हातभर फांदी द्यायला कुणी नाही म्हणत नाही. तीन धारांची, रोग नसलेली, गेल्या वर्षीची जून फांदी मागावी. अगदी कोवळी कापली तर सडते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक द्राक्ष कलम कारागीर,
ता. तासगाव, जि. सांगली